गावातच अभ्यासगट उभा करायचाय? पाऊस, झरा आणि विहीर मोजण्यापासून सुरुवात करा

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर तुम्ही शिकवत असाल, आशा किंवा अंगणवाडी सेविका असाल, शिक्षण संपवून गावी परतला असाल आणि गावातल्या पोरापोरींनी, बायाबापड्यांनी आपल्या प्रश्नाचा अभ्यास स्वतः करावा असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. या भागातल्या पाड्यांवर असे गट उभे करण्यात मी हातभार लावलाय, त्यांच्या वह्या तपासायला बसलोय. कुणाकडे आधी जायचं, कुठला कागद लागतो, काम नेमकं कुठे अडतं, हे सांगणारं सुरुवातीला कुणी भेटत नाही. म्हणून सगळं क्रमाने मांडतो.

आधी हे कशासाठी, ते. पेठ-सुरगाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे सिन्नर-येवल्याच्या तिप्पट-चौपट. तरीही एप्रिल उजाडला की इथल्याच बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी मुरायच्या आत दमणगंगा, नार, पार या नद्यांना मिळून पश्चिमेला निघून जातं. हे ढोबळ कारण सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या पाड्याचा झरा कधी आटतो, किती आटतो, कुठल्या विहिरीत मेपर्यंत पाणी टिकतं, याचा लेखी आकडा गावाकडे नसतो. सरकारी पर्जन्यमापक बहुधा महसूल मंडळाच्या गावी असतो. डोंगराळ भागात एका खिंडीपलीकडेही पाऊस वेगळा पडतो. त्यामुळे योजना मंडळाच्या आकड्यावर ठरते आणि गावाला बोलायला आकडाच उरत नाही.

१. प्रश्न गावाचा निवडा, आणि मोजता येईल इतका लहान करा

पाणवठ्यावर बसा, शक्यतो सकाळी. बाया काय बोलतात ते ऐका. "पाणी पुरत नाही" हा त्रास झाला. "वरच्या झऱ्याची धार होळीनंतर किती कमी होते, आणि पाऊस सुरू झाल्यावर किती दिवसांनी ती पूर्ववत होते?" हा अभ्यासाचा प्रश्न झाला, कारण त्याचं उत्तर बादली आणि घड्याळ देऊ शकतं.

पहिल्या वर्षी एकच प्रश्न घ्या. पाणी, माती, पक्षी, औषधी वनस्पती, बियाणं असं सगळं एकदम घेणारे गट दिवाळीपर्यंत थकतात. पाण्यापासून सुरुवात करावी असं मी ठामपणे सांगतो. त्यात प्रत्येक घराचा जीव अडकलेला असतो, आणि मोजायला लागणारी साधनं गावातच मिळतात.

२. ग्रामसभेसमोर मांडा, ठराव घ्या

पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे घटनेने ठरवलेल्या आदिवासी भागात, आहेत. दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, त्र्यंबकेश्वर या भागांतलीही अनेक गावं त्यात येतात. तिथे पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. २०१४ च्या राज्य नियमांनुसार पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, आणि मग त्याची स्वतःची ग्रामसभा भरते. तुमच्या पाड्याची अशी ग्रामसभा असेल तर ठराव तिथेच घ्या. ग्रामपंचायतीच्या मोठ्या सभेत पाड्याचा विषय शेवटी येतो आणि तोवर लोक उठून गेलेले असतात.

ठराव अर्ध्या पानाचाच असावा, पण त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: गट काय मोजणार, वही कुठे राहणार, आणि नोंदींची मालकी कोणाची. तिसऱ्या मुद्द्यावर "नोंदी ग्रामसभेच्या मालकीच्या राहतील, ग्रामसभेच्या परवानगीशिवाय बाहेर दिल्या जाणार नाहीत" हे वाक्य जसंच्या तसं घाला. बाहेरच्या अभ्यासकांनी गावात येऊन माहिती नेली आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, ही तक्रार मी बऱ्याच पाड्यांवर ऐकली आहे. या एका वाक्याने बोलणी बरोबरीने सुरू होतात.

जवळ ठेवायचे कागद:

- ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रत
- गटातल्या सदस्यांची नावं आणि प्रत्येकाचं काम
- खासगी विहीर असेल तर मालकाची लेखी संमती (साध्या कागदावर चालते)
- शाळेतली मुलं असतील तर पालकांची आणि मुख्याध्यापकांची संमती. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला पत्र
- गावाचा नकाशा. तलाठ्याकडून गट नंबरांसह मिळाला तर उत्तम, नाहीतर हाताने काढलेला
- काम वनहद्दीत असेल तर वनरक्षकाला दिलेल्या पत्राची पोच

वनहद्दीत नुसती पाहणी करायची असली तरी पत्र द्याच. तिथून झाडपाला, बी किंवा प्राणी उचलायचा विचार असेल तर वनविभागाची रीतसर परवानगी हातात येईपर्यंत थांबा.

३. माणसं अशी निवडा जी जानेवारीत गावात असतील

सगळ्यात जास्त गट इथेच मोडतात. उत्साही तरुण जूनमध्ये पुढे येतात, पावसाच्या नोंदी छान होतात. भात कापून झाला, दिवाळी झाली की हीच मुलं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत नाहीतर नाशकात बांधकामावर जातात. पाणी उतरायला लागतं तेव्हाच वहीतली पानं कोरी पडतात आणि मूळ प्रश्नाचं उत्तर हातचं जातं.

म्हणून गट करतानाच विचारा: दिवाळी ते होळी गावात कोण असतं? आशाताई, अंगणवाडी सेविका, आठवी-नववीतल्या मुली, घरी राहणारे आजोबा, किराणा दुकानदार. पाच-सहा जण पुरेत. प्रत्येक मोजमापाला दोन माणसं नेमा, एक मुख्य आणि एक बदली. निदान एकीला तरी लिहिता-वाचता चांगलं यायला हवं. बाकीच्यांना आकडे ओळखता आले तरी चालतं.

"कमी शिकलेल्यांच्या नोंदी कोण मानणार?" असं तुम्हाला तोंडावर विचारलं जाईल. गडचिरोलीचं उदाहरण द्या. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळांची तपासणी आणि नोंद शिकवली. ३९ गावांत हे काम झालं, तिथला नवजात बालमृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या आकड्यांच्या मुळाशी गावातल्या आरोग्यदूतांच्या वह्या होत्या.

मानधनाचं आधीच बोलून घ्या. रोजची नोंद ही मजुरीइतकीच बांधिलकी आहे. पैसे देता येत नसतील तर तसं स्पष्ट सांगा आणि काम आठवड्यातून एकदाच करावं लागेल इतकं कमी करा.

४. साहित्य

पर्जन्यमापक, वजन बांधलेली मीटर टेप, दहा लिटरची सरळ काठाची बादली, सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइल, खडू, ऑइलपेंटचा छोटा डबा, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल. भर पावसात पेनाची शाई पसरते, पेन्सिल टिकते. एवढ्यात काम सुरू होतं. महागडं स्वयंचलित यंत्र कुणी भेट देत असेल तर ते बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारा.

५. पाऊस मोजणे

जागा उघडी हवी. जवळचं झाड किंवा घर जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर आणि अगदी समपातळीत हवं. गुरंढोरं शिंग घासतील म्हणून भोवती काट्याचं कुंपण करा, पण ते मापकापेक्षा उंच होऊ देऊ नका.

वाचन रोज सकाळी ८.३० वाजता घ्या. हवामान खात्याची हीच वेळ आहे, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. आज सकाळी मोजलेला पाऊस कालच्या ८.३० पासूनचा असतो आणि तो आजच्या तारखेला लिहायचा. हा नियम वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाहीतर माणूस बदलला की तारीख सरकते.

विकतचा मापक नसेल तर नरसाळं आणि कॅन वापरा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. कॅनमध्ये ३१४ मिलिलिटर पाणी जमलं तर पाऊस १० मिलिमीटर. सूत्र सोपं आहे: मिलिलिटरला क्षेत्रफळाने भागा, दहाने गुणा. आठवीच्या मुली हे गणित तोंडी करायला लागतात. मग १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हेही त्या हिशेबाने पटवून देतात, आणि आपल्या घराच्या कौलांवरून किती पाणी वाहून गेलं ते सांगायला लागतात.

दोन गोष्टी सांभाळा. पाऊस पडलाच नाही तर "०" लिहा. वाचनच घेतलं नाही तर "नोंद नाही" लिहा. हे दोन्ही एक केले की वर्षाची बेरीज खोटी ठरते. दुसरं म्हणजे जुलैच्या झडीत कॅन रात्रीतूनच भरून वाहू शकतो. संध्याकाळी एकदा मोजून रिकामा करा, आकडा वेगळा लिहा आणि सकाळच्या आकड्यात मिळवा.

मनात गैरसमज नको म्हणून सांगतो: २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, पण त्यासाठी मंडळाचा अधिकृत आकडाच चालतो. तुमच्या वहीवर भरपाई मिळणार नाही. मात्र मंडळात ४० आणि तुमच्याकडे ९० असं सतत दिसत असेल, तर आमच्या भागात वेगळा मापक बसवा अशी लेखी मागणी तारखांसह करता येते. असा अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

६. झरा आणि विहीर

झऱ्याच्या धारेखाली दहा लिटरची बादली धरा, भरायला लागलेले सेकंद मोजा. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा. समजा ४० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. घरोघर नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशन या योजनेने माणशी दिवसाला ५५ लिटर धरले आहेत. त्या हिशेबाने हे पाणी सुमारे ३९० माणसांना पुरेल. पाड्यावर २०० माणसं असतील आणि तरीही टंचाई असेल, तर प्रश्न रात्रभर वाहून जाणाऱ्या पाण्याचा आणि गुरांच्या वाट्याचा आहे, म्हणजे साठवण टाकीचा. ही आकडेमोड मी ग्रामसभेत खडूने फळ्यावर होताना पाहिली आहे. तोवर नव्या बोअरवेलची मागणी करणारी मंडळी टाकीच्या जागेवर बोलू लागली.

विहिरीसाठी कठड्यावर एक जागा ठरवून ऑइलपेंटची खूण करा. कायम तिथूनच मोजायचं. टेपच्या शून्याच्या टोकाला वजन बांधा, खालच्या मीटरभर भागाला खडू घासा आणि वजन पाण्यात बुडेपर्यंत टेप सोडा. समजा खुणेपाशी बरोबर ७ मीटर आले. टेप वर ओढा, खडू ०.६० पर्यंत ओला दिसतो. म्हणजे पाणी खुणेपासून ६.४० मीटर खाली. कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच असेल तर जमिनीखाली ५.६५ मीटर. काळोख्या विहिरीत वाकून बघत अंदाज बांधण्यापेक्षा खडूची ओली रेघ कितीतरी भरवशाची आहे, शिवाय मुलांना कठड्यावरून वाकावं लागत नाही. तरीही कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना पाठवू नका, आणि मोठ्या माणसानेही एकट्याने जाऊ नये.

वेळ पहाटेची, उपसा सुरू व्हायच्या आधीची. मोटार चालू होती का, रात्री टँकरने विहिरीत पाणी ओतलं का, हे शेऱ्यात लिहा. टँकर ओतलेल्या विहिरीची पातळी वाढलेली दिसते आणि नंतर वही वाचणारा गोंधळतो. पंधरवड्यातून एकदा मोजलं तरी पुरतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. त्या महिन्यांतली वाचनं तुमच्याकडे असलीच पाहिजेत, म्हणजे तुलना होते.

७. पाण्याची तपासणी

ग्रामपंचायतीला पाणी तपासणीचा संच, ज्याला सगळे एफटीके म्हणतात, मिळालेला असतो, आणि जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तो वापरायला शिकवायचं ठरलेलं आहे. तो कुणाच्या कपाटात आहे ते शोधा. बाटल्यांवरची मुदत बघा. मुदत संपलेल्या रसायनाने आलेला रंग वहीत लिहू नका.

इथे एक गैरसमज फार पसरलाय. टीडीएस मीटर बुडवायचं, आकडा कमी आला की पाणी चांगलं म्हणायचं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आपल्या डोंगरातल्या झऱ्यांचं टीडीएस मुळातच कमी असतं, ५०० मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळ खाली. पण पहिल्या पावसात वरच्या उतारावरची घाण वाहून आली तर जंतू किती आले हे ते मीटर सांगत नाही. जुलाब-उलट्यांची साथ याच पाण्यातून येते. त्यासाठी एच टू एस बाटली वापरा: खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, २४ ते ४८ तास घरातल्या उबेत ठेवा. पाणी काळं पडलं तर ते पिण्यालायक नाही. विहिरीत नुकतंच टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं असेल तर ही चाचणी तेव्हा करू नका, आधी ओटी चाचणीने क्लोरीन बघा.

नायट्रेट ४५ आणि फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर गेलं तर संचावर विसंबू नका, भूजल यंत्रणेच्या प्रयोगशाळेकडे नमुना पाठवा. जंतूंसाठीचा नमुना निर्जंतुक बाटलीत, थंड ठेवून, २४ तासांच्या आत पोचला पाहिजे. बाऱ्हे किंवा हरसूलकडच्या आतल्या पाड्यावरून हे जमवायचं तर एसटीची वेळ आदल्या दिवशी बघा आणि नमुना पहाटे घ्या.

निकाल वाईट आला तर गावभर बोभाटा होण्याआधी जलसुरक्षक (गावाच्या पाण्याचं शुद्धीकरण बघणारा), ग्रामसेवक आणि उपकेंद्राच्या सिस्टरांना सांगा, त्याच दिवशी. पाणी उकळून प्यायचा निरोप घरोघर आशाताईंनी न्यावा. विहीर कुणाच्या मालकीची यावरून भांडण पेटू देऊ नका. पाणी सुरक्षित करणं आधी.

८. वही सांभाळणे

खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि सही. चुकलेलं वाचन मागाहून अंदाजाने भरायचं नाही. दर आठवड्याला दुसऱ्या सदस्याने एक वाचन स्वतः घ्यावं आणि दोन्ही आकडे जुळतात का बघावं. पानाचा फोटो काढून नेटवर्क मिळेल तेव्हा दोघांच्या मोबाइलवर पाठवा. गळक्या छपराखाली वही भिजते, उंदीर कुरतडतात. पत्र्याच्या पेटीत ठेवा.

९. आकडे गावाला परत द्या

समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर मोठा आलेख रंगवा. खाली महिने, वर पाऊस निळ्या पट्ट्यांत, झऱ्याची धार लाल रेघेत. आलेख भरायचं काम मुलींकडे द्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत वाचून दाखवा. १ मेची सभा सगळ्यात महत्त्वाची, कारण तेव्हा टंचाई डोळ्यांपुढे असते आणि पुढच्या कामांची मागणीही तिथेच नोंदवता येते.

१०. बाहेरची मदत, आणि कुठे थांबायचं

नाशिक जिल्ह्यात विचारायला जागा आहेत. पाण्यासाठी भूजल यंत्रणेचं जिल्हा कार्यालय. पर्जन्य आणि नदीप्रवाहाच्या जुन्या नोंदींसाठी जलसंपदा विभागाचं नाशिकमधलं जलविज्ञान कार्यालय. शेतीसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र. भातासाठी इगतपुरीचं विभागीय कृषी संशोधन केंद्र. जाताना भरलेली वही घेऊन जा. नुसतं "मार्गदर्शन करा" म्हणून गेलात तर चहा मिळतो. चार महिन्यांच्या नोंदी टेबलावर ठेवल्या की शास्त्रज्ञ खुर्ची पुढे ओढतात.

एखादं महाविद्यालय किंवा संस्था सोबत काम करायचं म्हणाली तर लेखी ठरवा: अहवाल मराठीत गावाला मिळेल, नोंद घेणाऱ्यांची नावं त्यात असतील, आणि छापण्याआधी ग्रामसभेत वाचला जाईल.

पुढे वनस्पतींकडे वळाल तेव्हा जास्त जपा. जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तिनेच करायची असते. वैदूंकडचं औषधी ज्ञान त्यांच्या परवानगीशिवाय कुठल्याही मोबाइल ॲपवर टाकू नका. दुर्मीळ वनस्पतीची नेमकी जागाही उघड करू नका. त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावावरूनच जिचं नाव पडलं ती सेरोपेजिया अंजनेरिका थोड्याशा जागेत तग धरून आहे, आणि फोटोसोबत गेलेलं ठिकाण वाचून कंद उपटणारेही पोचतात.

पहिल्या वर्षाचं वेळापत्रक

एप्रिलमध्ये पाणवठ्यावरची बोलणी. १ मेच्या ग्रामसभेत ठराव. मेअखेर विहिरीवर खूण आणि झऱ्याचं पहिलं वाचन, कारण वर्षातली सर्वात कमी धार तीच. मृग नक्षत्राआधी, म्हणजे ७ जूनच्या आत, पर्जन्यमापक जागेवर. जून ते ऑक्टोबर पाऊस रोज, झरा आठवड्याला, विहीर पंधरवड्याला. २ ऑक्टोबरला पहिला आलेख. दिवाळीआधी बदली माणसांची यादी पुन्हा तपासा आणि जे बागेवर जाणार त्यांच्याकडून वही मागून घ्या. जानेवारीत भूजल यंत्रणेच्या आकड्यांशी ताडून बघा. होळीनंतर झरा दर चार दिवसांनी मोजा, कारण तेव्हा धार झपाट्याने उतरते. पुढच्या १ मेला संपूर्ण वर्ष वाचून दाखवा आणि दुसऱ्या वर्षासाठी कुठला प्रश्न घ्यायचा ते ग्रामसभेलाच विचारा.